फाट्यावर कोणी नव्हतं

लांबच्या प्रवासात आम्ही चौघे एकमेकांना फोन करत नाही. हेल्मेटच्या आत बसवून गप्पा मारायची यंत्रं मिळतात, तीही आम्ही घेतलेली नाहीत. लिफ्टचं म्हणणं असं, की माणूस मोटरसायकल काढून घरातून निघतो तेच मुळी कोणी कानाशी बोलू नये म्हणून. त्याऐवजी आमचा एक नियम आहे, माझ्या दादाने केलेला. सगळ्यात पुढे लिफ्ट, कारण रस्ता फक्त त्याने पाहून ठेवलेला असतो. एखाद्या फाट्यावर वळायचं असेल तर त्याच्या मागचा, म्हणजे दोन नंबरचा, तिथे गाडी लावून उभा राहतो आणि मागून येणाऱ्यांना हाताने वळण दाखवतो. शेवटचा माणूस दिसला की मगच त्याने जागा सोडायची. फाट्यावर कोणीच उभं नसेल तर सरळ जायचं. एवढाच नियम, लहान पोरालाही पाळता येईल असा.

शेवटचा माणूस म्हणजे दादा. तो कायम शेवटी, म्हणून मित्रांनी त्याचं नाव शेपूट ठेवलं. धुक्यात, पावसात शेपूट लांबून ओळखू यावं म्हणून त्याच्या अंगात पिवळंजर्द जाकीट. बाकी कोणी पिवळं घालायचं नाही, हेही ठरलेलं. पिवळं दिसलं की फाट्यावरच्याने गाडी सुरू करायची, शेपटाच्या पुढे राहून निघायचं. कितीतरी प्रवास आम्ही असे केले आणि एकदाही कोणी हरवलं नाही. तेच नडलं, असं मला आता वाटतं.

दादा गाडी चालवायला शिकवतो. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि आपल्या पायाखालचा जादा ब्रेक वेळेवर दाबायचा, यात त्याची उमर गेली. त्यामुळे तो कशालाच पटकन घाबरत नाही आणि कशावरच पटकन विश्वास ठेवत नाही, फक्त आमच्यावर ठेवतो. लिफ्ट खरोखरच लिफ्ट दुरुस्त करतो. चष्मा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. दोघेही दादाचे शाळेपासूनचे दोस्त. मी तिघांच्याही मागची, त्यांच्या सायकलींच्या मागे रडत धावलेली, म्हणून मला कोणी अहो-जाहो शिकवलं नाही आणि मीही शिकले नाही. दातांच्या डॉक्टरांकडून माझ्याकडे तोंडांचे साचे येतात, मी मेणात एकेक दात बसवून कवळ्या तयार करते. तेव्हा माझं नाव काय पडलं असेल हे सांगायला नको. पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत मी. लग्न केलं नाही. का नाही, असं विचारणाऱ्याला ही आपलंच गिऱ्हाईक करून सोडेल, असं दादा लोकांना सांगतो. आई-वडील गेल्यापासून माझं म्हणावं असं माणूस तो एकच.

त्या दिवशी सकाळपासून घाट चढत होतो. वर जाता जाता धुकं आलं, आधी झाडांच्या शेंड्यांवर, मग रस्त्यावर, मग काचेवर. त्यात माझ्या जाकिटाची चेन तुटली. वारा थेट छातीत घुसायला लागला. घाटमाथ्यावर लिफ्ट आणि चष्मा न थांबता पुढे गेले. मी मात्र कडेला घेतली, कारण बोटं इतकी बधिर झाली होती की क्लच दाबला आहे की नाही ते कळेना.

दादा मागून आला, हेल्मेटची काच वर करून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता आपलं जाकीट काढायला लागला.

"काढ ते फाटकं. हे घाल."

"आणि तू?"

"माझ्याकडे रेनकोट आहे. पिशवीच्या तळाशी गेलाय, काढतो."

"काढ मग. मी थांबते."

"थांबून काय करशील? गोठशील नुसती. हो पुढे. मी आलोच."

दात वाजत असताना माणूस वाद घालत नाही. मी ते जाकीट चढवलं, त्याच्या अंगाची ऊब अजून त्यात होती, आणि निघाले. आरशात बघितलं तर दादा रस्त्याच्या कडेला वाकून पिशवीचे पट्टे सोडत होता. मग धुक्याने तोही दिसेनासा झाला. पिवळ्या रंगाचा विचार माझ्या मनात आला नाही. ज्याने नियम केला त्याच्याही मनात आला नाही. बहिणीला थंडी वाजतेय, एवढंच त्याने पाहिलं.

उतार लागला. थोड्या वेळाने धुक्यात नारिंगी दिवा उघडझाप करताना दिसला. फाटा होता. चष्मा गाडीवर बसून एक पाय जमिनीवर टेकवून उभा होता आणि हात डावीकडे दाखवत होता. मी जवळ येतेय असं दिसताच त्याने हात खाली घेतला, गाडी गिअरमध्ये टाकली आणि डावीकडे वळून निघूनही गेला.

त्याला निघताना मी पाहिलं. नीट पाहिलं. आणि मला वाटलं, हा निघाला म्हणजे दादा माझ्या मागोमाग आलाच. आरशात बघितलं, तर आरशावर पाण्याचे थेंब. पुसला नाही. चष्म्याने पिवळं पाहिलं आणि शेपूट आलं असं समजला. मी चष्म्याला जाताना पाहिलं आणि शेपूट आलं असं समजले. अंगावरचं जाकीट ज्याचं त्याला दिसत नसतं. मी डावीकडे वळले आणि फाटा रिकामा झाला.

खाली वस्ती लागते तिथे रस्त्याच्या कडेला चहाचं एक दुकान होतं. पत्र्याचं छप्पर, दोन बाकं, मागे वाफाळणारं पातेलं. लिफ्ट आधीच बाकावर पाय पसरून बसला होता. चष्मा हेल्मेट काढून आपला चष्मा पुसत होता. मी गाडी लावली, हातमोजे काढले आणि दोन्ही हात गरम पेल्याभोवती धरून बसले. इतकं बरं वाटलं की काही वेळ मी कशाचाच विचार केला नाही.

"शेपूट कुठाय?" लिफ्टने विचारलं.

"येतोय ना मागून," मी म्हणाले.

"मागून म्हणजे? चष्म्या, तू बघून निघालास ना?"

"बघूनच निघालो की. पिवळं दिसलं, मग..." चष्म्याने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे बघितलं.

लिफ्टनेही माझ्याकडे बघितलं. मग मी स्वतःकडे बघितलं.

पेला बाकावर ठेवायला गेले तो कलंडला. आणि मग मला जे नेहमी होतं तेच झालं, भीती वाटली की मी चिडते.

"चष्मे विकतोस ना रे तू?" मी चष्म्याला म्हणाले. "जगाचे नंबर काढतोस. पिवळ्याच्या आत माणूस कोण आहे ते दिसलं नाही तुला? माझी गाडी दिसली नाही?"

"धुक्यात नुसतं पिवळं दिसत होतं. तू अजून आली नाहीस हे ध्यानातच आलं नाही."

"तोंड दिसलं नाही माझं?"

"हेल्मेट होतं ना," तो हळूच म्हणाला. "पण तू तरी थांबायचंस. तुला माहीत होतं तो मागे आहे."

त्याचं बरोबर होतं, म्हणून मी आणखीच आवाज चढवला. लिफ्टने बाकावर हात आपटला. "भांडणं नंतर. तो काही कुक्कुलं बाळ नाही. फाट्यावर आला, कोणी दिसलं नाही, तर सरळ गेला असेल. सरळ रस्ता कुठे जातो?"

हे त्याने आम्हाला विचारलं नव्हतं, दुकानवालीला विचारलं होतं. ती फडक्याने पेले पुसत होती. "कुठल्या फाट्यावरून? वरच्या?" ती म्हणाली. "तो जुना रस्ता. कुठेच जात नाही तो. मागच्या पुरात पूल पडला ना तिथला."

"मग बंद केला असेल की."

"पिंपं लावलीत. पण पुलाच्या अलीकडे खाण आहे, तिथले दगडाचे ट्रकवाले ती बाजूला सारतात आणि तशीच ठेवून जातात. पाटी होती, तीही ट्रकनेच पाडली." तिने पेला उपडा ठेवला. "वळणाच्या लगेच पुढे आहे पूल. म्हणजे होता."

लिफ्ट उभा राहिला. चष्मा आधीच हेल्मेट चढवत होता. मी दादाला फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. तेच. तिसऱ्यांदा लावणार, तेवढ्यात माझाच फोन वाजला आणि क्षणभर मला वाटलं, सुटलो. वहिनी होती.

"अगं, ह्यांचा फोन का लागत नाहीये?" वहिनी म्हणाली. मागे मिक्सरचा आवाज येत होता. "गोळी घेतली का विचारायचं होतं. दे बघू त्यांना."

"तो मागे आहे, वहिनी."

"मग आला की करायला सांग."

"सांगते."

"आवाज का असा येतोय तुझा?"

"थंडी आहे इथे," मी म्हणाले आणि फोन ठेवला. एक शब्द खोटा नव्हता, तरी इतकं खोटं मी आजवर कधी बोलले नसेन. ते जाकीट मी अंगातून ओरबाडून काढलं आणि बाकावर टाकलं. दुकानवाली काहीतरी म्हणाली, पण तोवर आम्ही रस्त्यावर आलो होतो.

परत वर जाताना मी लिफ्टच्या पुढे होते. लिफ्टच्या पुढे कोणी जायचं नाही, पण आता कसला नियम? वळणावळणाला वाटायचं, आता समोरून दादा येईल, काच वर करून म्हणेल, काय गं, चहा एकटीनेच ढोसलास? एक ट्रक आला. एक रिकामी जीप आली. दादा आला नाही. वारा पुन्हा छातीत घुसत होता, पण आता थंडी कळत नव्हती. मनात सारखा एकच हिशेब चालला होता. उतार, ओला रस्ता, धुकं, वळण आणि वळणाच्या लगेच पुढे काही नाही. दादा कितीही सावकाश चालवणारा असला, तरी रस्ता आहे असं धरूनच माणूस चालवतो ना.

फाट्यावर थांबलो. आता पाहिलं तर सरळ जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी लाल पिंपं होती, पण कडेच्या गवतात ढकललेली. मधून अख्खा ट्रक जाईल एवढी वाट मोकळी. डांबरावर चिखलाचा पातळ थर, त्यात ट्रकच्या चाकांचे रुंद पट्टे आणि त्यांच्यावरून गेलेली एकच बारीक रेघ. मोटरसायकलची. आत गेलेली. परत आलेली नव्हती.

"एकाने इथे उभं राहायला हवं," चष्मा म्हणाला. "तो दुसऱ्या कुठल्या वाटेने वर आला तर."

"आता राहणार तू उभा?" मी म्हणाले.

हे बोलायला नको होतं. चष्म्याचा चेहरा हेल्मेटमध्ये दिसला नाही, बरंच झालं. त्याने गाडी बरोबर फाट्याच्या मधोमध लावली, इंडिकेटर चालू केला आणि हात बाजूला धरून उभा राहिला, समोर कोणी नसताना.

मी आणि लिफ्ट आत शिरलो. रस्ता जुना, कडेने शेवाळलेला, मधे खड्डे. दोन्ही बाजूंनी झाडी वाकून आलेली. मी ती बारीक रेघ सोडत नव्हते. रेघ सरळ होती, कुठे डगमगलेली नव्हती, म्हणजे तो घाबरलेला नव्हता, म्हणजे त्याला काही माहीत नव्हतं. मी हॉर्नवरचा अंगठा काढलाच नाही. लिफ्ट मागून ओरडला, हळू, कवळे, हळू, तूही जाशील. मग वळण आलं. मी ब्रेक दाबला, मागचं चाक घसरलं, गाडी आडवी होता होता राहिली.

दादाची गाडी समोर उभी होती.

साईड स्टँडवर, नीट कडेला. हेल्मेट आरशावर अडकवलेलं. किल्ली लावलेली. इंडिकेटर चालू. तिच्या पुढे चार हातांवर डांबर तुटलं होतं आणि त्याच्या पलीकडे नुसतं पांढरं होतं. पलीकडचा काठही दिसत नव्हता. खालून पाण्याचा आवाज येत होता, इतका मोठा की बोलणं ऐकू येईना.

"थांबला! थांबला तो," लिफ्ट माझ्या खांद्याला धरून म्हणाला. "बघ, गाडी उभी आहे. वाचला."

"मग तो कुठे आहे?"

लिफ्टने माझा खांदा सोडला. आम्ही दोघांनी हाका मारल्या. मी दादा म्हणून, त्याने शेपटा म्हणून. पाण्याच्या आवाजात आमच्या हाका आम्हालाच जेमतेम ऐकू येत होत्या. तुटलेल्या कठड्याजवळ गेलो. लोखंडी सळया वाकून खाली लोंबत होत्या. त्यांच्या शेजारी गवत चिरडलं गेलं होतं आणि ओल्या मातीत टाचांचे खड्डे दिसत होते, एकाखाली एक. पडलेल्या माणसाचे नव्हेत, उतरत गेलेल्या माणसाचे.

"हा खाली कशाला गेला?" लिफ्ट म्हणाला.

मला तेव्हा कळलं नाही. मला फक्त एवढं कळलं, की तो खाली आहे आणि खालून त्याचा आवाज येत नाही.

लिफ्टच्या गाडीला बंद पडलेली गाडी ओढायचा दोर असतो. तो दोर लिफ्ट स्वतःच्या कमरेला बांधायला लागला. दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या विहिरीत लोंबकळणारा माणूस, उतरणं त्याला माझ्यापेक्षा चांगलं जमतं. पण त्याचं वजन माझ्या दुप्पट आहे.

"तू घसरलास तर मी धरू शकणार नाही," मी म्हणाले. "मी जाते. तू धर."

त्याने एकदा खाली बघितलं, एकदा आपल्या पोटाकडे, आणि दोर माझ्या कमरेला बांधला. गाठ दोनदा ओढून पाहिली. "हिसका दिलास की ओढीन," तो म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

उतार खडा होता. मुळं होती, ती धरत धरत उतरले. माती हातात यायची. काही अंतरावर दोर ताणला आणि मला पुढे जाऊ देईना. अजून पाणी दिसत नव्हतं. हिसका दिला तर लिफ्ट वर ओढेल, म्हणून दिला नाही. मी गाठ सोडली आणि दोर एका झुडपात अडकवून तशीच खाली सरकले.

मग धुकं जरा विरळ झालं आणि दादा दिसला.

तो नदीत होता. मांड्यांपर्यंत पाण्यात, एका हाताने खडक धरलेला, दुसरा हात लांब केलेला. करडा रेनकोट पाण्याने अंगाला चिकटला होता. पाणी गढूळ आणि जोराचं, खडकावर आदळून उसळत होतं. पुलाचे तुकडे पात्रात पडले होते आणि त्यांच्या सळयांत काहीतरी लाल अडकलं होतं, अर्धं पाण्याखाली. लिफ्टची गाडी लाल आहे. मी वरून बघत होते म्हणून मला दिसलं की ते पिंप आहे, रस्ता अडवायचं पिंप, कधीतरी गडगडत खाली आलेलं. दादाला ते दिसत नव्हतं. त्याने खडकावरचा हात सोडला आणि त्या लालाकडे एक पाऊल टाकलं.

"दादा!"

ऐकू गेलं नाही. आणखी एक पाऊल. पाणी कमरेला लागलं आणि तो एका बाजूला झुकला.

मी उरलेला उतार बसून घसरत आले. दगड लागले, कोपर सोलवटलं, ते नंतर कळलं. पाण्यात शिरले तर पाणी इतकं थंड की श्वासच अडकला. पायाखालचे गोटे हलत होते. मी खडक धरला आणि त्याच्या रेनकोटाची टोपी पकडली. त्याने मागे न बघता खांदा झटकला, काटेरी फांदी अडकल्यावर झटकावा तसा. टोपी फाटून माझ्या हातात आली. मग मी त्याची कॉलर धरली, दोन्ही हातांनी, खडक सोडून, आणि मागे ओढलं. आम्ही दोघेही पाण्यात बसलो. एक क्षण पाण्याने आम्हाला उचललंच होतं. मग माझी पाठ खडकाला लागली आणि मी पाय रोवले.

दादा मागे वळला.

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, तशा नजरेने आयुष्यात कोणी बघितलं नाही आणि बघू नये. ओळखीचं काहीच नव्हतं त्यात. मग त्याने माझ्या गालाला हात लावला, कानाला, मानेला, डोक्याच्या मागे हात फिरवून स्वतःचा तळहात बघितला. रक्त आहे का ते बघत होता.

"लागलं कुठे?" तो माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला.

"कुठेही नाही."

"बाकीचे?"

"वर आहेत. लिफ्ट वर आहे. चष्मा फाट्यावर उभा आहे. सगळे धड आहेत, दादा. चल बाहेर."

त्याला ते पटलं नाही. त्याने त्या लालाकडे बोट दाखवलं. "मग ती गाडी?"

"पिंप आहे ते. नीट बघ. पिंप."

तो बघत राहिला. मी त्याला ओढत ओढत काठावर आणलं आणि आम्ही दगडांवर बसलो. त्याच्या हातांची सालं निघाली होती, एक नख उचकटलं होतं. वरून लिफ्टच्या हाका येत होत्या. मी उभी राहून जमेल तितक्या जोरात ओरडले, सापडला, आहे, सापडला. वरच्या हाका थांबल्या. मग वरून कोणीतरी हुंदके देत असल्यासारखा आवाज आला. लिफ्टला मी कधी रडताना पाहिलेलं नाही आणि तेव्हाही दिसला नाही.

"फाट्यावर कोणी नव्हतं," दादा म्हणाला. तक्रार म्हणून नव्हे, शिकणाऱ्याला समजावतो तशा सावकाश स्वरात. "म्हणून सरळ आलो. पूल नाही हे दिसलं, थांबलो. मग विचार केला, फाट्यावर कोणी नव्हतं, म्हणजे तुम्ही तिघेही सरळच आलात. परत फिरला असतात तर मला समोरून भेटला असतात. भेटला नाहीत." त्याने तुटलेल्या पुलाकडे बघितलं. "मग उरलंच काय? खालीच ना?"

मी मान हलवली. त्याचा हिशेब कुठेही चुकला नव्हता.

"तुम्ही फाटा सोडला असेल, हे काही डोक्यात आलं नाही माझ्या."

"माझ्यामुळे झालं," मी म्हणाले. "तुझं जाकीट माझ्या अंगात होतं. चष्म्याने पिवळं पाहिलं आणि निघाला. तो निघाला म्हणून मीही निघाले. मला थांबायला हवं होतं. तू मागे आहेस हे फक्त मला माहीत होतं, दादा, आणि मी खाली जाऊन चहा पीत बसले."

मला वाटलं तो आता काहीतरी बोलेल. ओरडेल. ओरडला असता तर किती बरं झालं असतं. पण मी काय सांगतेय तिकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो माझ्या हातांकडे बघत होता, ते हलतायत, बोटं वाकतायत, एवढ्यानेच त्याचं भागत होतं. माझे दात वाजत होते, त्याचेही वाजत होते, आणि मला रडू आलं तसं मी रडले, नाकातून पाणी येईपर्यंत, लहानपणी त्यांच्या सायकलींच्या मागे रडायचे तशी. त्याने आपला भिजलेला रेनकोट काढला आणि माझ्या खांद्यावर टाकायला गेला. मी तो हिसकून घेतला आणि त्याच्याच अंगावर टाकला.

"उतरताना मी ठरवत होतो," रेनकोट ओढून घेत तो म्हणाला. "आधी लिफ्टच्या बायकोला फोन करायचा. मग चष्म्याच्या मुलाला, तो शांत आहे, आईला नीट सांगेल. काय बोलायचं तेही जुळवलं होतं मनात."

मी त्याचे हात चोळत राहिले.

"तुझं कोणाला कळवायचं ते मात्र सुचेना. बराच वेळ आठवत होतो, हिच्या घरी कोण असतं, कोणाचा नंबर लावायचा." त्याने माझी बोटं धरून ठेवली. "मग लक्षात आलं, तो फोन मलाच यायला हवा होता."